जावईबापूंचा गोल

माझ्या धाकट्या मुलीचं मोडलेलं लग्न पुन्हा त्याच मुलाशी जुळलं, त्या वर्षी आमच्या क्लबात एक नवा खेळाडू आला. वय एकोणचाळीस. जगभर नाव झालेला फुटबॉलपटू. आमची लीग नवी होती आणि मालकाकडे पैसा उतू चालला होता. त्याचा आठवड्याचा पगार मी जन्मभर गवत कापूनही मिळवला नसता. मैदानावरचे आम्ही माळी त्याला पाठीमागे जावईबापू म्हणायचो, कारण लाड तसेच चालायचे.

फक्त त्याला पळवत नव्हतं. मालकाने मला बोलावून सांगितलं, "गवत वाढव. पाणी मार. चेंडू पळता कामा नये."

मी मशीनचं पातं दोन बोटं वर चढवलं. खेळ इतका मंदावला की पाहुण्या संघातली तरणी पोरंसुद्धा चिखलातून चालल्यासारखी दिसू लागली. जावईबापू त्यांच्यात उठून दिसायचे. गोल मात्र होत नव्हता.

एका दुपारी तो माझ्या अवजारांच्या खोलीत आला आणि पालथ्या बादलीवर बसला.

"काका, आई लांब आमच्या गावी दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर महिनाभर काढेल. तिला माझा एक गोल बघायचाय."

"इतके शेकडो केलेत, ते?"

"एकही बघितला नाही. कुणी माझा पाय मोडेल म्हणून डोळे मिटून बसायची. आता टीव्हीसमोरून हलत नाही. म्हणते, इथं कुणाला लागेल इतकं कुणी पळतच नाही."

त्या रविवारी त्याने गोलकीपरला चकवून मोकळ्या गोलकडे चेंडू ढकलला. चेंडू रमतगमत गेला आणि रेषेच्या वीतभर अलीकडे माझ्या गवतात बसला. त्यांच्या एका पोराने सावकाश येऊन तो लांब टोलवला. जावईबापू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

पुढच्या सामन्याच्या सकाळी मी कुणाला न विचारता सगळं मैदान बारीक कापलं. हाताखालचा माळी म्हणाला, "मालक सोलून काढेल तुम्हाला."

"काढू दे. कातडं जुनंच आहे."

चेंडू काचेवरून पळावा तसा पळायला लागला. पाहुण्या पोरांनी चार गोल चढवले. जावईबापूंची जीभ बाहेर आली. शेवटच्या मिनिटाला आमच्याच कुणाचा तरी फटका त्यांच्या नडगीवर आपटला आणि चेंडू सुसाट आत गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खोलीत आला.

"बघितला आईंनी?" मी विचारलं.

"सगळे एवढे जोरात धावत होते, की ती पहिल्या मिनिटापासून डोळे मिटून बसली."

गवत मीच कापलं होतं.

"मग नर्सने हलवलं. तेव्हा गोल पुन्हा दाखवत होते. तो हळू दाखवतात ना, तो बघितला."

"काय म्हणाल्या?"

"फोनवर म्हणाली, हा तर नडगीला लागून गेला. याचे एवढे पैसे देतात?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"देतात म्हणालो."

मालकाने मला सरावाच्या मैदानावर धाडलं. जावईबापू त्याच संध्याकाळच्या विमानाने आईकडे गेले, ते परत खेळायला आले नाहीत. त्यांची आई त्या सामन्यानंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी वारली.