चित्र, टिंब

"आता संगणकाचे पडदे बंद करा," प्रशिक्षिका म्हणाली.

"पडदा पडला म्हणजे नाटक संपलं की हो!" हिशेबनीस म्हणाले. खोलीत हशा पिकला. सूचनाताईही हसली. बाबा गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

पाणीपुरवठा कचेरीत तिला सगळे सूचनाताईच म्हणत. उद्या कुठे पाणी बंद, कुठे उशिरा, हे रोज संकेतस्थळावर, कचेरीच्या पानावर चढवायचं काम तिचं. ज्यांना दिसत नाही त्यांनाही कळेल असा मजकूर कसा करावा, याचं प्रशिक्षण दरवर्षी व्हायचं. कुणीतरी भिंतीवर स्लाइडच्या चौकटी दाखवायचं, बाकीचे चहाकडे डोळे लावून बसायचे, शेवटी प्रमाणपत्र. ही बाई मात्र एकही चौकट न आणता आली होती. "आपापलं पान उघडा, हेडफोन कानाला लावा, यंत्र वाचून दाखवेल. पडदा बंद ठेवून मला सांगा, उद्या कुठे पाणी जाणार आहे? बस, एवढंच."

"सूचनाताई झोपेतही सांगेल," साहेब म्हणाले.

तिने हेडफोन कानाला लावला. पडदा काळा झाला. तिने कळ दाबली.

"चित्र. टिंब," एक सपाट आवाज म्हणाला.

पुढची कळ. "चित्र. टिंब."

कळ चुकली असेल म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून ऐकत आली. चित्र. टिंब. चित्र. टिंब. आणि मग कळ चुकलेली नाही, हे तिला कळलं.

सूचना ती रोज स्वच्छ टाइप करायची. मग साहेबांची सही, खाली गोल शिक्का. "शिक्का नाही तर सूचना कसली?" असं साहेब म्हणत, म्हणून त्या कागदाचा फोटोच पानावर चढे. फोटोखाली चौकट यायची, 'चित्राचे वर्णन लिहा'. ती रिकामी ठेवली की यंत्र अडून बसायचं. तिथे एक टिंब दिलं की काम फत्ते. ही युक्ती तिचीच. अख्ख्या कचेरीला तिनेच शिकवली होती.

"काय ऐकू आलं?" प्रशिक्षिकेने विचारलं.

"माझं टिंब!" हिशेबनीस म्हणाले. "तुमचं काय, सूचनाताई?"

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

बाबा बसचालक होते. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले तेव्हा बोलणारा फोन तिनेच आणून दिला, त्यावर कचेरीचं पान तिनेच लावून दिलं. ते शेजाऱ्यांना सांगत, "आमच्या लेकीचं पान आहे. सगळं गाव त्याच्या भरवशावर पाणी भरतं." आणि तरी रोज संध्याकाळी ती चपला काढते न काढते तोच विचारत, "उद्या पाणी जाणारे का गं?"

"बाबा, पानावर टाकलंय की. ऐकत जा ना तुम्ही!"

"ऐकलं गं. पण तुझ्या तोंडून ऐकलं की पटतं."

म्हातारपणी लाडात आलेत, असं तिला वाटे. दमलेली असली की ती उत्तरही देत नसे. दुसऱ्या दिवशी घरी यावं तर बादल्या, पातेली, चहाचं भांडंसुद्धा काठोकाठ भरलेलं.

"अहो, आज कुठे पाणी जाणार होतं?"

"असू दे. भरलेलं पाणी काय खायला मागतं?"

रोज त्यांनी फोन कानाला लावला होता. रोज लेकीच्या पानाने त्यांना एवढंच सांगितलं होतं, चित्र, टिंब. आणि त्यांनी कधी ब्र काढला नव्हता.

"ताई, बरं वाटत नाही का?" प्रशिक्षिका जवळ आली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरी कुणी आहे का, असं ऐकून वापरणारं?"

"होते."

प्रशिक्षिका खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हणाली, "हेच पान नीट करू या. तुम्ही करा. मी बसते इथे."

"पण शिक्का?" साहेबांनी विचारलं.

"शिक्का खाली राहू दे, साहेब," सूचनाताई म्हणाली. "आधी मजकूर."

तिने सूचना अक्षरांत उतरवली. टिंब खोडलं, त्या जागी लिहिलं, 'कचेरीचा शिक्का आणि सही'. पडदा बंद करून पुन्हा ऐकलं. हिशेबनीस मान वळवून तिच्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी घरी येऊन तिने बाबांचा फोन कपाटातून काढला. चार्जिंगला लावला, तो जागा होईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग त्यांच्यासारखाच कानाला चिकटवून धरला. त्यांनी ठेवला होता तसाच संथ आवाज म्हणाला, "उद्या सर्व भागांत पाणी नेहमीप्रमाणे येईल."

तिने ते दोनदा ऐकलं.

मोरीत बादल्या उपड्या पडल्या होत्या, कोरड्या ठणठणीत. तिने दिवा लावला नाही. एक बादली सुलटी करून नळाखाली सरकवली आणि बाबा ठेवत तसं काठाच्या आत बोट धरलं. पाणी बोटाला लागलं तसा नळ बंद केला. मग अंधारातच दुसरी चाचपली.