शब्दकोशामागचा डबा

मधुमेह झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी संध्याकाळी मी अर्धा किलो साखर विकत घेतली. सवय सुटेपर्यंत जवळ असावी, एवढाच हेतू होता. ती एका जुन्या कॉफीच्या डब्यात भरली आणि डबा माझ्या अभ्यासिकेत शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडामागे ठेवला. आमच्या घरात तिसरा खंड माझ्याशिवाय कोणी काढत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी काढत नव्हतो.

बायकोने टेबलावर एक काचेची बरणी आणून ठेवली होती. तिच्यात एका झाडाच्या पानांपासून काढलेली गोड पूड होती. साखरेऐवजी ती घ्यायची, असं ठरलं होतं. मी बरणीला हात लावला नाही. "मला गोडच नको," असं जाहीर केलं आणि चहाचा कप घेऊन अभ्यासिकेत जाऊ लागलो. तिथे दार लोटून घ्यायचं, तिसरा खंड काढायचा आणि दोन चमचे टाकायचे. बाहेर मात्र बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस असा माझा लौकिक पसरला. नातेवाईक आपल्या मुलांना माझं उदाहरण देऊ लागले. मीही त्यांना अडवलं नाही.

माझा संयम किती दांडगा होता पाहा. सात महिन्यांत तो डबा मी फक्त एकदा भरला. रोज तीन वेळा दोन-दोन चमचे काढूनही तो संपत का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. काटकसर माझ्या रक्तातच आहे, असं मी धरून चाललो.

त्यातच रक्तातली साखर उतरू लागली. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "काय करता हो तुम्ही?"

"चालतो," मी म्हणालो.

चालत होतोच. रोज सकाळी बागेत तीन फेऱ्या. रिपोर्ट सुधारल्यावर बागेतले आणखी चारजण माझ्यामागे चालू लागले. टाच आधी टेकवावी की चवडा, श्वास कुठे घ्यावा, यावर मी त्यांना बाकावर बसून मार्गदर्शन करू लागलो.

आता सूनबाईबद्दल. तिचं शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं. सरबतांच्या एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिने दोन खोल्यांची जागा घेतली आणि आरोग्याचे म्हणून जे पदार्थ असतात ते बनवायला सुरुवात केली. आधी बिस्किटं केली, मग कस्टर्ड. कस्टर्डमध्ये साखर नव्हती, त्याच पानाचा अर्क होता.

मी निवृत्त होण्याआधी वर्तमानपत्रात दर रविवारी एक सदर लिहायचो. त्यात या अर्कावर मी एक अख्खा लेख लिहिला होता. 'बागेचा एक कोपरा चावून खाल्ल्यासारखी चव' हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. सूनबाईने तो लेख चौकटीत बसवून आपल्या कामाच्या जागी लावला, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "ही आमची तक्रारवही. एवढं दूर केलं की झालं."

आमचे वाद जेवणाच्या टेबलावर व्हायचे.

"नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित, असंच ना तुझं?" मी म्हणायचो.

"असं मी कधी म्हटलं, बाबा? धोतराही नैसर्गिकच आहे. मी पाला कुटून घालत नाही. शुद्ध केलेला अर्क असतो, तो तपासलेला आहे. माणसाच्या वजनामागे रोज किती चालतो त्याची मर्यादा ठरलेली आहे."

"आणि ती मर्यादा तुझ्या कस्टर्डने ओलांडली तर?"

"तर तुम्ही एका दिवसात वीसेक कप खाल्लेले असतील. मग अर्काची काळजी नंतर करू, आधी पोटाची."

"वजन उतरतं म्हणे याने."

"पाकिटावर तसं लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. साखर कमी जाते, दात किडत नाहीत, एवढं खरं. दूध आणि कॉर्नफ्लोअर आहेच की त्यात. 'हवं तेवढं खा' असंही लिहिणार नाही."

असल्या माणसाशी वाद घालण्यात मजा नसते. आपण पुढे ढकलावं, तर समोरचा बाजूला होतो आणि आपणच तोंडघशी पडतो.

एका हॉस्पिटलला ते कस्टर्ड हवं होतं. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंचा अनुभव असा होता, की 'हे तुमच्यासाठी वेगळं बनवलंय' अशी नुसती शंका आली तरी रुग्ण चमचा खाली ठेवतो. म्हणून त्यांची अट होती: साखरेच्या कस्टर्डशेजारी हे ठेवलं तर ओळखू येता कामा नये. बाराजणांना बसवायचं. प्रत्येकापुढे तीन कप, दोन एकसारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. तीन कपांतला एक म्हणजे बारापैकी चौघांना तर नुसत्या अंदाजानेही जमेल. पण आठ किंवा जास्त जणांनी बरोबर ओळखलं, तर फरक खरा धरायचा आणि कस्टर्ड परत पाठवायचं.

परत आलं तर सूनबाई महिनाअखेरीस जागा सोडणार होती. जुन्या कंपनीने तिची खुर्ची अजून भरली नव्हती. तिथे तिला पुन्हा लाल रंगाच्या सरबताला 'स्ट्रॉबेरी' म्हणावं लागणार होतं. हे ती आमच्यापाशी बोलली नव्हती. मुलाने फोनवर सांगितलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी बारापैकी एकजण सर्दीने आडवा झाला. आहारतज्ज्ञ बाईंची नजर भिंतीवरच्या चौकटीवर गेली.

"हे कोण?"

"सासरे."

"बोलवा त्यांना. नातेवाईक म्हणून सूट देतील अशी यांची भीती नाही."

मी गेलो. बायकोही आली, चमचे विसळायला हात हवा होता म्हणून. बाईंनी माझ्या हातात अर्ज दिला. तासाभरात काही खाल्लं-प्यायलं का? नाही. अत्तर लावलंय का? नाही. घरी साखरेऐवजी दुसरं काही गोड नियमित वापरता का? मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: नाही. खाली बारीक टाइपात छापलं होतं, की असा वापर असल्यास अर्ज बाद धरला जाईल. ते मी वाचलंसुद्धा नाही. अर्जातलं ते सगळ्यात खरं उत्तर होतं. घरच्यांना काय वाटेल ते वाटो, मी तर साखरच खात होतो.

चाखायची खोली म्हणजे प्लायवूडच्या फळ्या लावून केलेला खोपा. रंगावरून ओळखू नये म्हणून आत लाल दिवा लावलेला. या वयात लाल दिव्याखाली एकटं बसायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं. समोरची झडप सरकली आणि तीन कागदी कप आत आले. ४१७, ८६२, २९५. बाजूला पाण्याचा पेला आणि तोंडाची चव घालवायला एक बेचव बिस्कीट.

४१७ उत्तम होतं. मऊ, घरगुती, ओळखीचं. ८६२ तोंडात घातलं आणि मी दचकलो. २९५ पुन्हा ओळखीचं. मला दुसरी फेरी घ्यावी लागली नाही. ८६२ वर फुली मारली. शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा होती, मी कागद उलटून मागची बाजूही भरली: '८६२ मध्ये पाला आहे. गोडी अंगावर धावून येते आणि घशात बसून राहते. दातांना चिकटते. खऱ्या साखरेचा शांतपणा हिच्यात नाही. जन्मभराच्या अनुभवावरून लिहितो.' खाली सही केली. सही मागितलेली नव्हती.

बाहेर टेबलावर अर्ज उघडले जात होते. सूनबाई हाताची घडी घालून उभी होती. अकरा अर्ज झाले होते, सातजणांनी बरोबर ओळखलं होतं. माझा शेवटचा.

"८६२," बाईंनी वाचलं आणि आपल्याजवळच्या यादीवरून बोट फिरवलं. "वेगळा कप तोच. आठ झाले."

सूनबाईने उरलेल्या कपांवर एकेक झाकण बसवायला सुरुवात केली. बसलेलं झाकणही पुन्हा दाबत होती.

मला जरा अभिमान वाटला होता, तो कुठे ठेवावा कळेना. तीस वर्षं लोकांची टोपी उडवली, पण घरातल्या माणसाची पहिल्यांदाच.

आहारतज्ज्ञ बाई मात्र माझा शेरा वाचत होत्या. वाचून झाल्यावर कागद उलटला, मागचं वाचलं आणि पुन्हा पुढचं वाचलं.

"काका, ८६२ मध्ये साखर होती."

"बरं."

"पाला बाकीच्या दोन कपांत. तुम्ही ज्याला घरगुती म्हणालात त्यात."

"मी घरगुती कुठे लिहिलंय?"

"समासात लिहिलंय. साखरेला पाला म्हणणारे तुम्ही पहिलेच. ही रोज पानाचा अर्क खाणाऱ्याची जीभ आहे. खरं सांगा, घरी काय वापरता? रोजचा वापर असेल तर नियमाने तुमचा अर्ज बाद. आठाचे पुन्हा सात."

आता मला छापील ओळीचा अर्थ कळला. 'हो, अर्क वापरतो' एवढं म्हटलं की काम होत होतं. माझी लाजही राहिली असती आणि सुनेची जागाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाईने झाकणावरून मान वर केली.

"बाबा, माझ्यासाठी काही सांगू नका. हे आजारी माणसं खाणार आहेत. असेल ते सांगा."

मोरीपाशी बायको पाठमोरी उभी होती, चमचे विसळत. मी त्या पाठीकडे पाहिलं. सदतीस वर्षांच्या संसारात इतकी अवघड पाठ मी पाहिली नव्हती.

"साखर," मी म्हणालो. "चहात. दोन चमचे, तीन वेळा. सात महिने. शब्दकोशामागे डबा आहे. माझा अर्ज बाद करू नका. तो खरा आहे."

मोरीवरचा नळ बंद झाला.

"कुठल्या खंडामागे?" बायकोने विचारलं, मागे न वळता.

"तिसऱ्या."

"मग त्यात साखर नाही."

"म्हणजे?"

"पहिल्याच आठवड्यात बदलली मी. दार लोटून चहा पिणारा माणूस आत काय करतो, एवढं कळत नाही का मला? हिच्याकडची दाणेदार पूड भरते त्यात. दिसायला साखरच. दर पंधरा दिवसांनी भरते."

सूनबाईच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "आई, तुम्ही तर म्हणायचात तुम्हाला लागते म्हणून."

"मला कशाला लागेल? यांची साखर होती ना. ती मी संपवली, दोनदा."

"अगं पण सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्हाला ती कडू लागली असती. लेख लिहिला असतात."

मी बागेतल्या फेऱ्यांचा विचार करत होतो, आणि टाच आधी की चवडा याचा.

आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या अर्जावर तिरकी रेघ ओढली. सूनबाई म्हणाली, "आठ झाले होते, मॅडम. माझ्यासाठी नियम ताणू नका."

"नियम मी लिहिलाय, तुम्ही नाही. आणि साक्षीदार दोन आहेत. एक तुमच्या सासूबाई, दुसरी यांची जीभ. पण माणसं बाराच हवीत. बारावा मी आणते."

त्यांनी खाली जाऊन गाडीच्या ड्रायव्हरला बोलावून आणलं. तो दोन तास गाडीत बसून कंटाळला होता आणि वरती काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. बाईंनी दार लावून कप स्वतः भरले, आकडे नवे घातले आणि यादी पर्समध्ये ठेवली.

"घरी गोड काय वापरता?" त्यांनी विचारलं.

"साखर. चहात चार चमचे. कमी करू का?"

"आज नको."

तो खोप्यात गेला. आम्ही चौघं बाहेर उभे राहिलो. पलीकडे चमचा कपाच्या तळाला घासल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. बायकोने ओला हात माझ्या बाहीला पुसला आणि तिथेच ठेवला. सूनबाई भिंतीवरचा माझा लेख वाचत होती. तो तिला तोंडपाठ होता.

ड्रायव्हर बाहेर आला. "तिन्ही सारखेच आहेत, मॅडम. एक लिहायचंच म्हणून मधला लिहिलाय. चौथा नाही का?"

बाईंनी पर्समधून यादी काढली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. "वेगळा डावीकडचा होता. सात." मग सूनबाईकडे वळून म्हणाल्या, "सोमवारपासून साठ कप. झाकणं जरा सैल करा, रुग्णांना उघडायची असतात."

सूनबाई स्टुलावर बसली. मग उठून ड्रायव्हरला चौथा कप दिला.

माझा बाद झालेला अर्ज आता लेखाशेजारी दुसऱ्या चौकटीत लावलाय, समासासकट. येणाऱ्या-जाणाऱ्याला सूनबाई आधी लेख वाचायला लावते आणि मग अर्ज. नळकांडं तिथून हलवलंय.

डबा बायकोने स्वयंपाकघरात आणून उघड्यावर ठेवला. चहा मी सगळ्यांसमोर पितो. पूड तीच, चमचे दोनच, पण पहिल्यासारखा लागत नाही, हे मी कबूल करतो. सूनबाई म्हणते अर्कात काही फरक नाही, हवं तर तीन कप लावून पाहू.

बागेतल्या चौघांना मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यातल्या दोघांचे रिपोर्ट सुधारलेत. टाच आधी टेकवतात म्हणून, असं त्यांचं म्हणणं आहे. बायको म्हणते, त्यांच्या बायकांना एकदा विचारायला हवं.