माझं आणि साबणाचं वैर

मी जिवाणू बोलतोय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण राहतो कुठे तेही सांगणार आहे. बाईच्या योनीत. लाज वाटली तर पान उलटा. मला काम आहे.

जन्म इथलाच. एकाचे दोन व्हायचं, एवढाच आमचा संसार. घराची भिंत नाजूक, पेशींच्या थरांची. वरचा थर झडतो, त्यातली साखर मी खातो आणि आम्ल सोडतो. आम्लामुळे परके जंतू उंबऱ्यावरूनच माघारी जातात, भिंतीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. शाळा शिकलो नाही, पण फुकट राहिलो नाही.

मालकीण धुलाईच्या दुकानात कामाला. डाग दिसला की साबण, वास आला की जास्त साबण. एकदा तिला स्वतःचाच जरासा आंबट वास आला. तो माझा होता, कष्टाचा. तिने सुगंधी साबणाचं पाणी थेट आत मारलं. माझे निम्मे भाऊबंद गुलाबाच्या वासात मेले.

मग परके घुसले. भिंतीवरचा चिकट लेप खाल्ला, पेशींचे सांधे सैल केले. आता खरी दुर्गंधी, आग. तिने साबण वाढवला. नवऱ्याकडे पाठ करून झोपू लागली. तो बिचारा आपलं काय चुकलं ते शोधत बसला.

थोरली जाऊ त्याच दुकानात इस्त्रीला. तिने ओळखलं.

"चालतेस कशी गं अशी? डॉक्टरीणबाईंना दाखव."

"काय सांगू त्यांना? मला वास येतो म्हणून?"

"तेच सांग. त्या काय अत्तर विकायला बसल्यात?"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आतून साबण कशाला लावलास?"

"स्वच्छ नको का राहायला?"

"आत स्वच्छता ठेवणारे आहेत. तू त्यांनाच धुऊन टाकलंस."

माझी बाजू कुणी घेतली ती पहिल्यांदाच. गोळ्यांनी परके गेले.

आम्ही मोजके उरलोय. भिंत अजून हुळहुळी आहे. पुन्हा साबण आला तर आमचं काही खरं नाही. काल न्हाणीघरात तिने ती सुगंधी साबणाची बाटली उचलली. आम्ही सगळे भिंतीला चिकटलो.

तिने ती नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरवर ओतली आणि घासायला बसली.

बाई, आभार नकोत. बाहेरून साधं पाणी पुरे. आतलं मी बघतो.