मंगळवारच्या आधीचा कॅमेरा

आबांचं ऑपरेशन मंगळवारी होतं. डावा जबडा निम्म्याहून जास्त काढावा लागेल, असं डॉक्टरांनी मला आणि कैलासदादाला आत बोलावून सांगितलं होतं. आबांना आम्ही सांगितलं ते एवढंच, की गालात गाठ आहे आणि ती काढायची आहे. दादाचं म्हणणं, कळलं तर ते आधीच हाय खातील. मी विरोध केला नाही. आई जाऊन सहा महिने झाले होते, आणि खरं बोलायचं बळ आमच्यापैकी कुणातच उरलं नव्हतं.

मला त्यांचा चेहरा हवा होता. आत्ता आहे तो.

फोन होता, पण फोनवर माझा भरवसा राहिला नव्हता. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. ती गेल्यावर मी फोनमधले तिचे फोटो मोठे करून पाहिले, तर एकाही फोटोत ते नव्हते. डाग समजून फोनने ते पुसले होते. कपाळावरच्या आठ्याही पुसल्या होत्या. ती सोय बंद करता येते हे मला फार उशिरा कळलं. शिवाय फोन समोर धरला की आबा तोंड फिरवत. म्हणून लांबून, आवाज न करता, जे आहे तेवढंच टिपणारा लहानसा कॅमेरा हवा होता. आयुष्यात पहिल्यांदाच घेणार होते. हॉस्पिटलची अनामत भरून झाल्यावर माझ्याकडे त्यासाठी जेमतेम आठ हजार होते.

शनिवारी रक्ताच्या तपासण्या करून आम्ही गावाकडे परतत होतो. पिरंगुटला मी गाडी विश्रामच्या स्टुडिओसमोर उभी केली. विश्राम लग्नांचं शूटिंग करतो आणि जुने कॅमेरे विकतो. मी काम करते त्या कॉलेजच्या लायब्ररीसाठी कॅमेरा घ्यायचाय, असं मी आबांना सांगितलं. ते काच खाली करून गाडीतच बसून राहिले.

विश्रामने काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. पहिला कोरा होता. कुठल्या कंपनीचा ते नाव वाचूनही कळेना, पण खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा भलामोठा छापला होता आणि किंमतही सगळ्यांत कमी होती. मी तोच उचलला.

"त्यो आकडा निस्ता छापलेला हाय, ताई," विश्राम म्हणाला. "आतला डोळा फोनपेक्षा बारका. भूगावच्या पोरी नेत्यात अन् आठ दिसांत परत आणून आपटत्यात."

उरलेले दोन्ही जुने, वापरलेले, नावाजलेल्या कंपन्यांचे. त्याने मला दोन्ही हातात दिले आणि बाहेरचं काहीही टिपून बघा म्हणाला. मी दुकानाच्या दारातून झूम करत गाडीच्या खिडकीपर्यंत गेले. आबा दिसले. टोपी मांडीवर, नजर रस्त्यापलीकडच्या उसाच्या गुऱ्हाळावर. मी बटण दाबलं. त्या दुसऱ्या कॅमेऱ्याने विचार करायला एवढा वेळ घेतला, की फोटोत आबांचा फक्त कान आला.

तिसरा चपटा, चंदेरी, कोपऱ्यावर पोचा पडलेला. त्याची बॅटरी अजून बाजारात मिळते, बटणाचा आवाज बंद करता येतो, आणि दाबलं की फोटो लगेच उठतो, असं विश्रामने सांगितलं. मी दाबत राहिले. गुऱ्हाळावर कुणीतरी काहीतरी बोललं असावं. आबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. छोट्या पडद्यावर सगळं होतं: दाढीचे पांढरे खुंट, पुढचा तुटका दात, गालाचा फुगीर भाग, कानापासून हनुवटीपर्यंत उतरणारी जबड्याची रेघ. काहीही माहीत नसलेल्या माणसाचा चेहरा. असे नऊ फोटो झाले.

हाच, मी म्हणाले. विश्रामने घासाघीस न करता साडेसात हजार सांगितले. मी पर्समध्ये पैसे शोधत होते तोवर त्याने कॅमेरा कापडाने पुसला, दोन-तीन बटणं दाबली आणि पाऊचमध्ये घालून माझ्यासमोर ठेवला.

मी पुन्हा एकदा पाहावं म्हणून तो चालू केला. पडद्यावर अक्षरं आली: एकही छायाचित्र नाही.

मला काय झालं ते विश्रामला आधी कळेना, मग त्याने समजावलं. ट्रायलच्या कॅमेऱ्यात तो कार्ड घालत नाही, फोटो कॅमेऱ्याच्याच आतल्या जागेत पडतात. आणि विकताना ती जागा तो न चुकता साफ करून देतो. एकदा एका मुलीचे फोटो दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हाती गेले, तेव्हापासूनचा त्याचा नियम. कार्डावरचे असते तर कदाचित परत आणता आले असते. हे नाही.

मी स्टुलावर बसले. पासपोर्टच्या फोटोला माणसं बसतात ते स्टूल. विश्राम घाबरून बाहेर गेला आणि आबांना घेऊन आला.

"आबा, तुमचंच फोटो हुतं त्यात," तो सांगत होता. "मला काय म्हाईत, ताईला ते ठेवायचं हुतं म्हून."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. सदऱ्याची बटणं चाचपली. उभ्या उभ्याच म्हणाले, "जबडा काढणार हायेत म्हून व्हय?"

तुम्हाला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"तपासणीला वळीनं बसलो हुतो, तवा शेजारच्याला जबडाच न्हवता. त्यानं पाटीवर लिवून दावलं सगळं. पंधरा दिस झालं. तुमी दोगं बोलंना, मग मीबी गप ऱ्हायलो."

मला उठवून ते स्टुलावर बसले. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मी कॅमेरा उचलला. पण पडद्यावर आता कुणी निराळाच माणूस होता, पासपोर्टसारखा ताठ, ओठ घट्ट मिटलेला. मी दोन फोटो काढले. ते हसणं आता मला मिळणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

"ह्यात बोलणं ऱ्हातं का रं?" त्यांनी विश्रामला विचारलं.

विश्राम हो म्हणाला.

"त्यो पाटीवरला माणूस," आबा म्हणाले, "त्याला बोलताच येत न्हवतं."

मी एवढे दिवस फक्त चेहऱ्याचा विचार केला होता. विश्रामने आपल्या शूटिंगच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या कॅमेऱ्यात घातलं, पंखा बंद केला, रस्त्याकडची काच ओढून घेतली आणि आवाजाची खूण मला दाखवली. लाल ठिपका लागला. सेकंद धावू लागले.

आबांना काय बोलावं ते सुचेना. त्यांनी भिंतीवरचे नवरा-नवरींचे फोटो पाहिले. खाकरले. मग गोठ्यातून घरात हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली.

"ग्यानदे."

माझ्या तोंडून ओ निघत होती, ती मी दातांखाली धरली. माझा आवाज त्यांच्या आवाजावर पडला असता.

"ग्यानदे, ए."

हात हलू नये म्हणून मी कोपर पोटाशी दाबून धरलं. आबा थांबले. ओ आली नाही की थांबतात तेवढेच थांबले, आणि मी लांब कुठेतरी असल्यासारखी त्यांनी जरा मोठ्याने पुन्हा हाक मारली.