एक लिटरभर रस्ता

सोलापुरात गाड्यांच्या मायलेजची स्पर्धा होती. रिकाम्या टाकीत एकच लिटर पेट्रोल घालायचं. ज्याची गाडी लांब जाईल तो जिंकला. पेट्रोल साधं की प्रीमियम, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सांगोल्याच्या रुपालीनं स्कूटर घेऊन नाव दिलं आणि तिच्यापेक्षा तिचा नवरा बिरुदेवच जास्त पेटला.

“प्रीमियमच घालायचं,” तो म्हणाला. “माझ्या एडक्याला मी नुसत्या पाल्यावर ठेवतो का? गाडीला बी ताकदीचं पायजे की!”

रुपाली हसली. “अवो, जास्त ऑक्टेन म्हंजे जास्त ताकद न्हाय. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं. ऑक्टेन जास्त असलं की ते लई दाब सोसतं, ठिणगीआधी आपोआप भडकत न्हाय. आपल्या स्कूटरीत तेवढा दाबच न्हाय.”

बिरुदेवाला पटेना. मग मंगळवेढ्याच्या रस्त्यावर दोघांनी दोन्ही पेट्रोलं एकेक लिटर घालून पाहिली. दोन्ही वेळा गाडी एकाच बाभळीजवळ बंद पडली.

“आता जिंकायचं कशाच्या जिवावर?” बिरुदेव हिरमुसला.

“टायरात हवा नीट आन् हात हलका.”

स्पर्धेच्या सकाळी रुपाली संथ निघाली. बिरुदेव आयोजकांच्या जीपमध्ये मागे होता. पहिल्याच चढावर सोलापूरच्या अजिंक्यची स्पोर्ट्स बाइक तिच्या शेजारी आली. इंजिनातून टकटक ऐकू येत होती.

“भाऊ, साधं घातलंय व्हय?”

“हो ताई. म्हटलं, काय फरक पडतोय!”

“तुमच्या गाडीला पडतो की! तिच्यात दाब जास्त. पेट्रोल अवेळी भडकतंय, जोर वाया चाललाय.”

थोड्याच वेळात लिटर संपून अजिंक्यची बाइक थांबली, तो स्पर्धेतून बाद झाला. जीपमधून बिरुदेवानं टुणकन उडी मारली आणि मंगळवेढ्याच्या चाचणीतून कॅनमध्ये उरलंसुरलं प्रीमियम बाइकच्या टाकीत ओतलं. बाइक चालू झाली तशी टकटक गेली. बाइक चढ सहज चढली.

रुपालीची स्कूटर पार पुढे, ज्वारीच्या शेताकडेला थांबली. तिचा दुसरा नंबर आला. शिवयोगीकाका नावाच्या एका स्पर्धकाची जुनी मोटरसायकल तिच्याहून थोडी पुढं गेली होती. पण आता परत जायला पेट्रोल नव्हतं, जीपमधला कॅनही रिकामा होता.

“बसा ताई, टोचन देतो,” मागून आलेला अजिंक्य म्हणाला. त्यानं एक पाय स्कूटरच्या मागच्या बाजूला टेकवला आणि बाइकच्या जोरावर तिला ढकलत सोलापूरच्या रस्त्याला लावलं.

जीपमधून बिरुदेव ओरडत होता, “हळू, हळू! दुसरा नंबर चाललाय!”

रुपालीला इतकं हसू आलं की हँडल सरळ धरणंही कठीण झालं.