अस्तराची पिशवी

शाळेच्या फाटकासमोर टेलरबाईचं दुकान होतं आणि त्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. एवढं कळलं की पुढचं लोक स्वतःच ठरवून मोकळे होत. "हिच्या पोराला काय काळजी, किल्ली घरातच आहे." टेलरबाई नुसती हसायची. खरं सांगायचं तर मनातून तिलाही थोडं तसंच वाटायचं. ताई कितीही कडक असली तरी शेवटी मावशी आहे, असा तिचा हिशेब.

पोराचं खरं नाव कुणी घेत नसे. दिवसभर तोंडातल्या तोंडात गुणगुणत फिरायचा, म्हणून तो भुंगा. भुंग्याला ही शाळा मिळाली तर तो मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून दुकानात डबा खायला येणार होता. नाही मिळाली तर हमरस्त्यापलीकडची दुसरी शाळा. तिथे जायला दोन बसगाड्या, आणि त्याला न्यायला-आणायला दिवसातून दोनदा दुकानाचं शटर ओढायचं. ज्या दुकानाचं शटर भर दुपारी खाली, त्याचं गिऱ्हाईक शेजारच्याकडे. टेलरबाईचा नवरा मालवाहू गाड्यांवर, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे सगळा भार तिच्यावरच होता.

ताई या शाळेत आली तेव्हा प्रवेशाची रीत वेगळी होती. कुणाचा फोन, कुणाची ओळख, कुणाचा मेव्हणा साहेब. ज्याला कुणीच नाही तो फाटकाबाहेर. ताईने पहिल्याच वर्षी हे बंद केलं. जागा थोड्या, मुलं जास्त, तर अंगणात सगळ्यांसमोर सोडत. नियम बाहेरच्या भिंतीवर रंगवले, वाचता येत नाही त्यांना स्वतः उभं राहून वाचून दाखवले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ताईची मूठ कायम उघडी. यापायी तिला किती जणांनी बोल लावले, एका साहेबाने तर बदलीची धमकी दिली. ताईने त्याला चहा पाजला आणि सोडतीला यायचं आमंत्रण दिलं.

मागच्या वर्षी मात्र एक तक्रार खरी निघाली. चिठ्ठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि उजेडात आतले आकडे दिसत होते. म्हणून यंदा कोटाची मोठी बटणं ठरली, सगळी एका मापाची, प्रत्येकावर रंगाने आकडा. आणि ती टाकायला पिशवी.

"पिशवी मी शिवते," टेलरबाई म्हणाली.

ताई घुटमळली. "अगं, भुंग्याचं नाव आहे यंदा."

"म्हणूनच चांगली शिवीन. डबल कापड लावते, आतलं काही दिसायचं नाही. बाहेर शिवायला टाकलीस तर तो चिंधी शिवून देईल."

ताई तयार झाली. टेलरबाईने जीव ओतून पिशवी शिवली. बाहेरून जाड निळं कापड, आतून काळं अस्तर. अस्तराची पिशवी उलट बाजूने शिवतात, आणि मग सुलट करायला अस्तराच्या तळाशी हात जाईल एवढी फट ठेवतात. पिशवी सुलट झाली की शेवटी ती फट हाताने टाके घालून मिटवायची. एवढंच काम राहिलं होतं तेव्हा एक गिऱ्हाईक उसवलेला परकर घेऊन घाईघाईने आत शिरलं.

सोडतीच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक पालकाने आपल्या हाताने आपलं बटण पिशवीत टाकलं. बटणं काढायला ताईने पोस्टमनना बोलावलं होतं, कारण त्यांची मुलं मोठी होऊन कामाला लागली होती आणि गल्लीतल्या सगळ्यांची पत्रं त्यांनी सारखीच पोचवली होती. पोस्टमन हात घालायचे, आकडा वाचायचे, आणि ताई तो फळ्यावर लिहायची.

भुंग्याचा आकडा लवकरच आला. टेलरबाईने पोराला असं आवळलं की त्याची गुणगुण थांबली. फळ्यापाशी ताईच्या हातातला खडू मोडला. तिने दुसरा घेतला आणि आकडा लिहिला, इतरांच्या आकड्याएवढाच.

जागा भरल्या. आता ताईचा शेवटचा नियम: उरलेली बटणं सगळ्यांसमोर मोजायची, म्हणजे कुणाचं बटण आत नव्हतंच असं कुणी म्हणायला नको. पोस्टमननी पिशवी टेबलावर उपडी केली. मोजली. पुन्हा मोजली. बटणं कमी भरत होती.

टायरच्या दुकानाचा मालक उठला. त्याच्या थोरल्या मुलीचं नाव सोडतीत होतं आणि त्याचा आवाज मुळातच दोन गल्ल्या ऐकू जाईल असा होता. "माझं बटण कुठंय? मी स्वतः टाकलंय. बहिणीनं पिशवी शिवली, बहिणीचं पोरगं लागलं, आणि आमची बटणं हवेत विरली. वा, मोठ्या बाई, वा."

अंगणात कुजबुज पेटली. टेलरबाईची नजर मात्र पोस्टमननी पुन्हा सरळ धरलेल्या पिशवीच्या तळावर खिळली. रिकाम्या पिशवीचा तळ असा लोंबत नाही. आणि तिच्या बोटांना आठवलं, तो शेवटचा टाका त्यांनी घातलाच नव्हता.

तिने मान खाली घातली. कुणालाच काही माहीत नव्हतं. गोंधळ होईल, चार दिवस लोक बोलतील, मग विसरतील. भुंगा मात्र शाळेत राहील. तिच्या मांडीवर तो पुन्हा गुणगुणायला लागला होता. समोर ताई एकटी उभी होती आणि सगळं अंगण तिच्याकडे चोर म्हणून बघत होतं. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव, आणि ते एका न मिटवलेल्या फटीतून गळून चाललं होतं.

"कुणाला काही ठाऊक असेल तर सांगा," ताई म्हणाली. ती बहिणीकडे बघतही नव्हती, तिला शंकाच नव्हती. ते टेलरबाईला सहन झालं नाही.

ती उठली, टेबलापाशी गेली आणि पिशवी उलटी करून अस्तराची फट सगळ्यांना दाखवली. मग गळ्यातल्या कात्रीने अस्तर टराटरा फाडलं. आत अडकलेली बटणं टेबलावर पडली. त्यात टायरवाल्याचंही होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "टाका राहिला. मुद्दाम नाही, पण राहिला."

"आणि पिशवी घरच्या माणसाकडून शिवून घेतली ही माझी," ताई लगेच म्हणाली. "सोडत रद्द. पहिल्यापासून घ्यायची."

आता वेगळाच कल्लोळ. ज्यांची मुलं लागली होती ते भडकले. "आमचा काय गुन्हा? राहिलेल्यांना पुढच्या वर्षी घ्या." कारकून ताईच्या कानाशी लागला, की लागलेले तसेच ठेवू, एवढ्या बटणांची वेगळी सोय करू.

ताईने आवाज चढवला नाही. "बटण पिशवीत असून आलं नाही, तो हरला. यांची बटणं पिशवीत नव्हतीच. हे हरले नाहीत, यांना खेळायलाच मिळालं नाही. अशा खेळात जिंकलेल्यांनाही मी जिंकले म्हणू शकत नाही."

कारकून फळा पुसायला लागला.

प्रयोगशाळेतून काचेची मोठी बरणी आली. पोस्टमनच्या डोळ्यांवर टायरवाल्याने स्वतःचा रुमाल बांधला, चांगला दोन गाठी मारून; आकडा आता कारकून वाचणार होता. सगळ्यांनी पुन्हा आपापलं बटण टाकलं. टेलरबाई हातात बटण घेऊन घुटमळली. "ताई, भुंग्याचं नको टाकू का? लोक काय म्हणतील?"

"टाक," ताई म्हणाली. "त्याचा हक्क बाकीच्यांइतकाच आहे. जास्त नाही, म्हणून कमीही नाही."

तिने टाकलं.

भुंग्याचा आकडा आला नाही. टायरवाल्याच्या मुलीचाही आला नाही. शेवटची जागा भरली तेव्हा टायरवाला पुढे आला, बरणी स्वतः उपडी केली आणि उरलेली बटणं मोठ्याने मोजली. मोजताना मुलीचं बटण हाताला लागलं तेव्हा त्याचा आवाज क्षणभर अडखळला. मग तो लोकांकडे वळला.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि खाली जाऊन बसला.

अंगण रिकामं झाल्यावर टेलरबाई ताईच्या खोलीत गेली. भांडायचं ठरवूनच गेली होती. ताई खुर्चीत बसून फडक्याने हातावरचा खडू पुसत होती, पुसला गेला तरी पुसत होती.

"पहिल्यांदा त्याचा आकडा आला ना," ताई म्हणाली, "तेव्हा मी तुझ्यापेक्षा जास्त खूष झाले होते. तुझं दुपारी उघडं दुकान दिसलं मला." ती पुन्हा हात पुसायला लागली. "माफ कर मला."

टेलरबाईचं भांडण कुठल्या कुठे गेलं. लहानपणी खाऊचे वाटे ताईच करायची, आणि वाटा करणाऱ्याने शेवटी घ्यायचा हा तिचा कायदा. त्यामुळे तिच्या वाट्याला नेहमी कडेचा मोडका तुकडा यायचा. टेलरबाई तेव्हा तिला वेडी म्हणायची. आज तिला आपल्या या वेड्या बहिणीचा फार अभिमान वाटला. ती ताईच्या हातातलं फडकं काढून घेऊन जवळ बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर तीनचाकी टेम्पो थांबला. टायरवाला उतरला आणि दारात उभा राहिला, आज अगदी माफक आवाजात.

"मुलीला हमरस्त्यापलीकडच्या शाळेत घालतोय. माझा माल रोज तिकडूनच येतो. जाताना भुंग्याला घेऊन जाईन, येताना आणीन. तुम्ही दुकान बंद करू नका."

टेलरबाईच्या हातातली सुई थांबली. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास कसला? काल तुम्ही गप्प बसला असता तर आपलं बटण गेलं कुठं हे मी मरेपर्यंत विचारत राहिलो असतो. आता पोरगी विचारते, बाबा, माझा नंबर का नाही आला? तिला सांगता येतं, की बटण आत होतं, आलं नाही." त्याने भुंग्याला उचलून टेम्पोत बसवून पाहिलं, बसतोय का म्हणून. मग वळला. "पुढच्या वर्षी धाकटीचं नाव आहे. मी आजच मोठ्या बाईंना सांगून आलोय, की पिशवी टेलरबाईंनीच शिवायची."

"अस्तराची?"

"अस्तराचीच. फक्त शेवटचा टाका घालताना मला हाक मारा."