पुस्तकाच्या जागी उभी फळी

मी फळी बोलतेय. कपाटाची नव्हे हो, कपाटातल्या एका पुस्तकाच्या जागी उभी केलेली.

देशाच्या या विद्वत्सभेची ही जुनी रीत. ग्रंथालयातून पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या मापाची फळी त्या जागी ठेवायची, आणि नेणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी तिला डकवायची. सुतारानं मला तासलं ते अशा चार दिवसांच्या कामासाठी.

माझ्या जागचं पुस्तक हातानं लिहिलेलं होतं, त्याची दुसरी प्रत नव्हती. विझत चाललेल्या एका बोलीतली गाणी त्यात होती. सभेचे एक सदस्य ते काखोटीला मारून निघाले. "आठवड्याभरात आणतो," म्हणाले. पुढे तेच सभेचे अध्यक्ष झाले. मग पुस्तक मागायची कुणाची छाती? ते वारले तेव्हा त्यांचं तैलचित्र नेमकं माझ्यासमोर लागलं. दिवस कलला की त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबते. मला भीती वाटते.

एकदा बडे पाहुणे यायचे होते. पुस्तकांच्या रांगेत उघडी फळी वाईट दिसते म्हणून माझी चिठ्ठी खरवडली, पाठीवर चामडं चढवलं, सोनेरी अक्षरांत पुस्तकाचं नाव घातलं. पाहुणे गेले, मी तशीच राहिले. तेव्हापासून दर मोजणीला कारकून माझ्यावर बोट टेकवतो आणि पुढे सरकतो.

परवा पांढऱ्या केसांच्या एक बाई ते पुस्तक मागायला आल्या.

"त्यातली गाणी माझ्या आईनं सांगितलेली आहेत. मला निजवताना म्हणायची. मला आता पहिली ओळ तेवढी येते."

"आहे की, जागेवरच आहे," म्हणत ग्रंथपालबाईंनी मला ओढून त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "अहो, हे उघडत नाही."

ग्रंथपालबाईंचा चेहरा पडला. तशाच त्या हल्लीच्या अध्यक्षांकडे धावल्या.

"समारंभ तोंडावर आलाय. आत्ता बोभाटा नको," ते म्हणाले. "ठेवा ते होतं तिथं."

मला परत आत सारलं. बाई मात्र दालन बंद होईतो तिथंच बसून ती एक ओळ गुणगुणत राहिल्या. त्याच शब्दाशी अडायच्या, पुन्हा सुरू करायच्या. आता दालनात कुणी नसतानाही मला ती ऐकू येते, आणि तिथंच तुटते. पुढचं द्यायला माझ्या पोटात नुसतं लाकूड आहे.

पुस्तक कुणी नेलं ते मी रोज समोर बघते, पण सांगू कशी? वाचकहो, एवढं करा. माझं चामडं ओरबाडा, मला खुशाल चुलीत घाला, पण ती जागा रिकामी दिसू द्या. रिकामी दिसली तरच कुणी शोधायला निघेल. आणि जरा घाई करा, बाई फार थकल्यात.